जेनोआहून क्रूझ आहे? मग आधीचा एक दिवस गावाला द्या (कसा द्यायचा ते सगळं)

क्रूझ बुक झाली की आपल्याकडे चर्चा काय, तर बाल्कनीची केबिन घेतली का, ड्रिंक्सचं पॅकेज परवडतं का, बार्सिलोनाला किती तास मिळतात. जहाज ज्या गावातून सुटतं त्या गावाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मिलानला उतरायचं, गाडी करायची, थेट बंदर, आणि येताना तेच उलटं. जेनोआहून सुटणार असाल तर प्लीज असं करू नका. आधीचा एक पूर्ण दिवस आणि जमलं तर नंतरचा अर्धा दिवस काढा. गाव कळकट आहे, चढउताराचं आहे, काही गल्ल्यांत दुपारी बारालासुद्धा ऊन पोचत नाही, आणि तरीही माझ्या मते इटलीतल्या अर्ध्या नटलेल्या गावांपेक्षा जास्त मजेचं आहे. फक्त दोन अटी, बॅगा कुठेतरी टाकून मोकळं व्हायचं आणि लिफ्टने वर जायचं. लिफ्टचं पुढे सांगते.

आधी तिकीट नीट वाचा. बंदर कुठलं लिहिलंय? एमएससी कंपनीची बरीच जहाजं जेनोआहून निघतात, पण दुसरी क्रूझ कंपनी कोस्टा, तिचं घरचं बंदर सव्होना, ते पश्चिमेला 40-45 किलोमीटर लांब आहे. एजंट दोन्हीला सर्रास 'जेनोआ साईड' म्हणून मोकळे होतात आणि मग हॉटेल एकीकडे जहाज दुसरीकडे. दुसरं म्हणजे बुकिंगच्या साईटवर आणि स्टेशनच्या बोर्डांवर गावाचं नाव जेनोवा असं दिसेल, घाईघाईत जिनिव्हा क्लिक करू नका, ते स्वित्झर्लंडमधलं, हसू नका, लोकं करतात. आणि जेनोआतही क्रूझचं टर्मिनल वेगळं, सार्डिनिया-सिसिलीच्या फेरीबोटींचं वेगळं. क्रूझचं ते स्ताझिओने मारित्तिमा, त्यातली मुख्य इमारत पोंते देई मिल्ले नावाच्या धक्क्यावरची, 1930 ची, एकदम राजेशाही थाटाची. याच धक्क्यांवरून लाखो इटालियन बोटीत बसून अमेरिका-अर्जेंटिनाला पोट भरायला गेले. टॅक्सीवाल्याला नुसतं 'पोर्ट पोर्ट' करू नका, जहाजाचं नाव मोबाईलवर दाखवा, त्याला बरोब्बर कळतं कुठल्या धक्क्यावर सोडायचं ते.

आदल्या दिवशीच पोचायचं हे मी इतकं ठासून का सांगते, तर जहाज थांबत नाही. दुबई-दोहाला कनेक्शन चुकलं, बॅग मागे राहिली, इटलीत रेल्वेचा संप निघाला (हे तिथे नेहमीचंच, कामाच्या दिवशी संप असला तर सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठराविक गाड्या सोडाव्याच लागतात, हे लक्षात ठेवा), यातलं काहीही झालं तरी एक रात्र हातात असेल तर निभावतं.

मुंबईहून जाणारे बहुतेक जण मिलानच्या मालपेन्सा एअरपोर्टला उतरतात. तिथून मालपेन्सा एक्सप्रेसने मिलानो सेंट्राले, तासाभरात. सेंट्रालेहून जेनोवा पियात्झा प्रिंचिपेची ट्रेन, साधारण दीड-पावणेदोन तास. प्रिंचिपेच का, तर क्रूझ टर्मिनल तिथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तेही उताराने. ब्रिन्योले म्हणून दुसरं मोठं स्टेशन आहे तिथे उतरलात तर उगाच उलटं यावं लागेल. इंटरसिटीचं तिकीट ठराविक गाडीचं आणि सीटचं असतं, तिथे काही करायचं नाही. पण रिजनल गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं. नाही केलं तर तिकीट असूनही दंड, आणि तिथे 'भैया समझो ना' चालत नाही.

व्हिसाचं एका वाक्यात. शेंगेन घ्याल तेव्हा हॉटेलच्या रात्री धरून तारखा द्या, आणि तुमचं जहाज मधे ट्युनिस वगैरे शेंगेनबाहेरच्या बंदराला लागणार असेल तर मल्टिपल एंट्रीच मागा.

हॉटेल प्रिंचिपे स्टेशनच्या आसपास किंवा व्हिया बाल्बीवर घ्या. जुन्या गावात आतमध्ये सुंदर सुंदर खोल्या दिसतील फोटोत, जुने महाल, छतावर चित्रं, पण गल्लीत टॅक्सी जात नाही, दगडी फरसबंदी आहे, चढ आहे, आणि इमारतीला लिफ्ट असेलच असं नाही. चार चाकांच्या दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आई-बाबा असतील तर ते रोमँटिक वगैरे पाचव्या मिनिटाला संपतं. पत्ता शोधताना अजून एक गंमत, जेनोआत घरांचे नंबर दोन प्रकारचे असतात, काळे आणि लाल. काळे राहत्या इमारतींचे, लाल दुकानं वगैरेंचे, आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते. म्हणजे एकाच गल्लीत काळा 20 एकीकडे आणि लाल 20 भलतीकडे. पत्त्यात आकड्यापुढे 'आर' लिहिलेला असला की तो लाल, मग भिंतीवर लाल आकडाच शोधायचा. हे माहीत नसलं की माणूस गूगल मॅपला शिव्या घालत फिरतो. आणि हो, हॉटेलात माणशी दर रात्रीचा टूरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, फसवत नाहीयेत, सगळीकडे आहे.

तारखा हातात असतील तर सप्टेंबरमधलं बोटींचं मोठं प्रदर्शन टाळा, खोल्यांचे भाव आभाळाला टेकतात. सोमवारी बरीच म्युझियम बंद.

आता दिवस कसा काढायचा. जेनोआ समजून घ्यायचं तर असं बघा, खाली बंदर, मधे गल्ल्यांचं जुनं गाव, वर डोंगर आणि डोंगरावर पुन्हा घरं. सपाट जागा नाहीच, म्हणून लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच गावभर लिफ्ट आणि फ्युनिक्युलर (दोराने डोंगरावर ओढली जाणारी छोटी ट्रेन) बांधून ठेवल्या. या टूरिस्टांसाठी नाहीत, शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या, सगळे बससारखे वापरतात. तिकिटाचे नियम मधेमधे बदलतात, आत शिरताना दारावरचा बोर्ड बघून घ्या.

सुरुवात व्हिया बाल्बीवरच्या मोंतेगाल्लेत्तो लिफ्टने करा, प्रिंचिपेहून जवळ आहे. तुम्ही केबिनमध्ये शिरता, दार बंद होतं, आणि वर जायच्या ऐवजी ती डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून आडवी चालायला लागते, रुळांवरून, छोट्या ट्रेनसारखी, दोनशेपेक्षा जास्त मीटर. मग शेवटाला जाऊन थांबते, खटका होतो, तीच केबिन शाफ्टमध्ये सरकते आणि सरळ वर उचलली जाते. तुम्ही उभे आहात तिथेच. वर निघालात की समोर कास्तेल्लो दाल्बेर्तिस, एका हौशी कप्तानाने जगभर फिरून आणलेल्या वस्तूंनी भरलेला किल्लेवजा वाडा. म्युझियम नाही बघितलं तरी चालेल, अंगणातून खालचं बंदर बघा, तुमचं जहाज आलं असेल तर तेही दिसेल. दुरुस्तीसाठी ही लिफ्ट कधी बंद असते, तसं असेल तर लार्गो देल्ला झेक्काहून रीगीला जाणारी फ्युनिक्युलर पकडा, ती पार 300 मीटर उंचीपर्यंत नेते, वर जुन्या तटबंद्या आहेत आणि वारा मस्त.

खाली आलात की व्हिया बाल्बीने चालत व्हिया गारिबाल्दीकडे या. हा रस्ता पाव किलोमीटरचा असेल फार तर, पण दोन्ही बाजूंना एकाला एक लागून महाल. सोळाव्या शतकात जेनोआच्या सावकारांकडे एवढा पैसा होता की स्पेनचा राजा यांच्याकडून कर्ज काढायचा. राज्याला स्वतःचा राजवाडा नव्हता, तर 1576 पासून त्यांनी याद्याच केल्या, कुठल्या महालात कुठल्या दर्जाचा पाहुणा उतरवायचा, आणि पाहुणा आला की यादीतून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने राजे-कार्डिनल सांभाळायचे स्वतःच्या खर्चाने. या याद्या म्हणजे रोल्ली. त्यातले 42 महाल 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आत जायचं तर पालात्झो रोस्सो, बियान्को आणि तुर्सी तिघांचं मिळून एक तिकीट असतं. चित्रांची फार आवड नसेल तरी रोस्सोच्या गच्चीसाठी घ्या, स्लेटच्या पाटीदगडाच्या करड्या छपरांचा समुद्र दिसतो तिथून. तुर्सीत प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन ठेवलंय, 1743 चं, आवाज इतका दणदणीत की त्याने त्याचं नावच 'तोफ' ठेवलं होतं.

रस्त्याच्या मागच्या बाजूला पियात्झा पोर्तेल्लो, तिथून कास्तेल्लेत्तोची लिफ्ट. बोगद्यातून चालत आत जायचं, जुन्या टाइल्स, बाक, आणि मिनिटभरात वर बेल्वेदेरेवर, म्हणजे गाव बघायच्या सज्जावर. सगळ्या गावाचा नकाशा पायाखाली. एकच लिफ्ट जमणार असेल तर सकाळी मोंतेगाल्लेत्तो, पण संध्याकाळ मोकळी असेल तर मी कास्तेल्लेत्तोला मत देईन, कारण पश्चिमेला सूर्य बंदरावर उतरतो आणि लान्तेर्ना दीपस्तंभ दिसतो. तो 1543 चा, 77 मीटर उंच. उद्या डेकवरून तुम्ही त्यालाच बाय करणार आहात.

मग गल्ल्या. त्यांना कारुज्जी म्हणतात. इथे रूट ठरवू नका, फक्त उतार धरा, उताराने गेलात की कधी ना कधी समुद्र येतो. काही गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. दिवसा बिनधास्त फिरा, पाकीट पुढच्या खिशात. अंधार पडल्यावर मात्र माद्दालेनाचा भाग आणि व्हिया दी प्रेच्या रिकाम्या गल्ल्या सोडून मोठ्या रस्त्याने जा, उगाच शौर्य दाखवायची गरज नाही. मधे सान लोरेन्झो कॅथेड्रल लागेल, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. आत उजव्या बाजूला भिंतीपाशी चक्क एक तोफगोळा उभा करून ठेवलाय, माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा. 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश आरमाराने समुद्रातून गावावर मारा केला, हा गोळा छप्पर फोडून आत आला आणि फुटलाच नाही. बाजूला आभाराचा लेख कोरलाय. लोक येतात, हात जोडतात, गोळ्याचा फोटो काढतात आणि जातात.

खाली बंदराशी आलात की पालात्झो सान जोर्जो दिसेल, समुद्राकडची भिंत चित्रांनी रंगवलेली आणि तिच्या नाकासमोरून 1965 चा उड्डाणपूल गेलाय, कुणाला सुचलं देव जाणे. मार्को पोलो जेनोआवाल्यांच्या कैदेत होता तो याच इमारतीत असं सांगतात. त्या कैदेतच 1298 च्या सुमारास त्याने शेजारच्या कैद्याला आपला प्रवास सांगितला आणि त्यात आपल्या ठाण्याचाही उल्लेख आहे, वेगळं राज्य म्हणून, आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या चाच्यांच्या कागाळीसकट. ठाणेकरांनी इथे फोटो काढायला हरकत नाही.

पुढचं पोर्तो आंतिको हे जुनं बंदर 1992 ला, कोलंबसच्या सफरीला 500 वर्षं झाली तेव्हा, वास्तुकार रेन्झो पियानोने नवं करून दिलं. मत्स्यालय तिथेच आहे, मोठं आहे, महाग आहे, अडीच-तीन तास खातं. मुलं बरोबर असतील तर जा. मोठ्यांनी त्याऐवजी गालाता समुद्र-म्युझियम बघा, बाहेर पाण्यात खरी पाणबुडी उभी आहे, तिच्या आत वाकून शिरता येतं, आणि वरच्या मजल्यावर देश सोडून जाणाऱ्यांच्या बोटीतल्या खाटा-पेट्या मांडल्यात. पोर्तो आंतिकोच्या बाकांवर संध्याकाळी जहाजांवरचे क्रूवाले घरी व्हिडिओ कॉल लावून बसलेले दिसतात, त्यात गोव्याची आणि कोकणातली पोरं असतातच. हॅलो म्हणा, कुठे स्वस्त आणि पोटभर मिळतं ते कुठल्याही ॲपपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

खाण्याचं आता, कारण शाकाहारी मंडळींचा पहिला प्रश्न तोच. ऐका, इटलीत शाकाहारी माणसाला जेनोआइतकं सुखाचं गाव मिळणं कठीण. इथली खरी गल्लीतली डिश म्हणजे फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑईल, मीठ. संपलं. म्हणजे आपला बेसनाचा पोळाच, फक्त तवा मीटरभर रुंदीचा, तांब्याचा, आणि तो अख्खा लाकडाच्या भट्टीत सरकवतात. पीठ काही तास भिजवून ठेवलेलं असतं, वरून जवळजवळ करपलेली सोनेरी कड, आतून मऊ, सुरीने वेडेवाकडे तुकडे कापून कागदावर देतात, वर मिरपूड. कांदा नाही लसूण नाही, जैन लोकांनाही चालतं, फक्त साधीच मागा कारण बारीक मासे घातलेली पण मिळते. ती गरम असतानाच खायची. म्हणून दुकानात शिरलात आणि थंड तुकडा काचेत दिसला तर घाई करू नका, पुढचा तवा कधी निघणार विचारा आणि थांबा. बंदरासमोरच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली आणि आतल्या गल्ल्यांत अशी दुकानं आहेत.

सकाळी फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह ऑईल लावलेला चपटा पाव. वजनावर मिळते, 'उन एत्तो' म्हटलं की 100 ग्रॅम. जेनोआचे लोक ती उलटी धरून, मिठाची बाजू जिभेवर, खातात आणि कापुचिनोत बुडवतात सुद्धा. ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा. पेस्तो (बेसिलच्या पानांची चटणी) इथलाच, पास्त्यात बटाटा आणि फरसबी घालून देतात तो मागा. पण कट्टर शाकाहारी असाल तर एक माहिती असू दे, पार्मेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या अर्काने) लावतात आणि पेस्तोत ते असतंच, लसूणही असतो. चालत नसेल तर चीजशिवाय सांगा किंवा फारिनाता आणि पानिस्सावर (बेसनाच्याच तळलेल्या कांड्या) राहा. चीज चालत असेल तर अक्रोडाच्या सॉसमधले पान्सोत्ती (भरलेला पास्ता) सोडू नका, आत पालेभाजी असते. मासेखाऊंना सोत्तोरीपाला कागदाच्या पुड्यात तळलेले मांदेलीचे भाऊबंद मिळतात.

वेळा सांभाळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, नंतर किचन बंद, रात्री साडेसातशिवाय उघडत नाही. चारला भूक लागली तर बेकरी. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लावतात ते टेबलाचे, भांडू नका. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की भाव वाढतो.

जहाजाच्या दिवशी पोर्तोफिनो किंवा चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या गावांना 'पटकन जाऊन येऊ' हा विचार डोक्यातून काढून टाका. ट्रेन लेट झाली की संपलं. त्या दिवशी असं करा, तिकिटावरची चेक-इनची वेळ सुरू होताच टर्मिनलला जाऊन मोठ्या बॅगा हमालांकडे द्या, त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, टॅग आधीच प्रिंट करून स्टेपल केलेले असू देत. पासपोर्ट, औषधं, चार्जर पाठीवरच्या बॅगेत. वेळ उरत असेल तर पुन्हा गावात फेरी मारून शेवटच्या वेळेच्या तासभर आधी परत या.

परतीचं गणित वेगळं. आदल्या रात्री बॅगा रंगीत टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आणि ब्रश काढून ठेवा हे सांगायला नको, तरी सांगते. जहाज सकाळी लागतं, नऊ-साडेनऊपर्यंत तुम्ही बाहेर. रात्रीची फ्लाईट असेल तर प्रिंचिपेच्या लगेज काउंटरला बॅगा टाका, तीन-चार तास मिळाले. समुद्र बघून कंटाळा आला नसेल तर लोकल ट्रेनने नेर्वी, वीसेक मिनिटं, खडकांवरून दोन किलोमीटरची पायवाट. मी तरी स्ताल्येनोची दफनभूमी सुचवेन. नाक मुरडू नका. 1851 पासूनची आहे, ओवऱ्यांमागून ओवऱ्या, आणि प्रत्येक ओवरीत संगमरवरी माणसं, लेसचा धागा न धागा कोरलेला. तिथे कातेरिना काम्पोदोनिको नावाच्या बाईचा पुतळा शोधा. जत्रांत फिरून हेझलनटच्या माळा आणि गोल पाव विकायची. नवरा दारुडा, नातेवाईक पैशापुरते, तिने जन्मभर पै पै साठवली आणि 1881 मध्ये, जिवंतपणी, श्रीमंतांच्या शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करून घेतला. सणाची साडी-चोळी म्हणावी तसे ठेवणीतले कपडे, झालरीची शाल, आणि हातात विकायच्याच त्या माळा. सावकारांच्या रांगेत उभी आहे. ब्रिन्योलेहून बस जाते, दीड-दोन तास धरा.

मालपेन्साला रात्री नऊ-दहाची फ्लाईट असेल तर जेनोआहून दुपारी तीनपर्यंतची ट्रेन धरा, मिलानला गाडी बदलायची आहे आणि एअरपोर्टला टॅक्स रिफंडची रांग लांब असते. दुपारी दोनच्या आतली फ्लाईट चुकूनही घेऊ नका, मग दफनभूमी सोडा, फोकाच्चासुद्धा पळता पळता खावी लागेल.